एकशे सदतिसावा हिस्सा

शनिवार, 22 जानेवारी 1898. शके 1819 ची पौष अमावास्या. दुपारचे बारा वाजून गेलेत आणि तुम्ही मानवतहून पाथरीकडे जाणाऱ्या गाडीवाटेच्या कडेला एका बाभळीखाली उभे आहात. एका अंगाला हुरड्यात आलेला शाळू, दुसऱ्या अंगाला वेचणी उरकत आलेलं कापसाचं रान. मुलूख निजामाचा. हैदराबादेत सहावे निजाम मीर महबूब अली खान, बाजारात हाली रुपया, आणि एकदोन दिवसांत रमजानचा चाँद दिसायचा आहे.

खिशात तुम्ही एकच वस्तू आणली आहे: पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली पारदर्शक फिल्म. तिच्यावर मिलिमीटरला 500 ह्या हिशेबाने बारीक रेघा मारलेल्या आहेत. तुमच्या काळात ती शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुलांच्या हातात असते. प्रकाश तिच्यातून गेला की त्याचे रंग वेगळे होतात. इथे ती दाखवायला तुम्हाला कुणी बंदी केलेली नाही, पण विचारलं तर काय सांगायचं हे ठरवून ठेवा.

कारण विचारणारा आलाच आहे. खांद्यावर घोंगडी, डोक्याला मळकं पागोटं, वय साठीच्या पुढचं.

"कुठून आलाव पाव्हणं?"

"पुण्याकडून."

"इंग्रजी मुलखातून म्हना की. तिकडं गाठीचा ताप लई हाय म्हनायलेत." तो दोन पावलं मागे सरकतो. त्याचं बरोबर आहे. प्लेगने मुंबई-पुण्याची दैना केली आहे, रँडचा खून होऊन सात महिने झालेत, टिळक तुरुंगात आहेत. परकं माणूस दिसलं की लोक अंतर राखतात.

"गिराण सुरू झालंय. घरात बसायचं सोडून रानात काय करायलाव?"

"बघायचंय."

तो हसतो. गावात सकाळपासून चुली थंड आहेत, पाण्याच्या घागरीवर, लोणच्याच्या बरणीवर दर्भाची काडी पडली आहे. गरोदर बायकांना विळीला हात लावू दिलेला नाही. गोदाकाठी स्नानासाठी लोक कधीचे निघून गेलेत. गल्लीतून "दे दान, सुटे गिराण" अशी हाळी फिरते आहे. म्हाताऱ्याने मात्र परातीत पाणी घेऊन त्यात सूर्य पाहण्याची सोय केली आहे, म्हणजे बघायचं त्यालाही आहे.

परातीतल्या सूर्याची पश्चिमेकडची बाजू खाल्ली गेली आहे. पुढचा तासभर काही विशेष होत नाही. ऊन उतरतं, पण संध्याकाळसारखं पिवळं होत नाही. पांढरंच राहून फिकं पडतं. बाभळीखाली उन्हाच्या शेकडो कोरी पडतात. गार वारा सुटतो. मग नैर्ऋत्येकडून आभाळ शाईसारखं गडद होत येतं.

विजयदुर्गापाशी किनाऱ्यावर चढलेली ही सावली जेऊरवरून, ह्या रानावरून, वऱ्हाड ओलांडून पार बिहारकडे जाणार आहे. मानवत-पाथरी तिच्या जवळजवळ मधोमध आहेत. दक्षिणेला गंगाखेडकडे सरकलात तर अंधार आखूड होत जातो. इथे तो जेमतेम दोन मिनिटं टिकेल. आता फिल्म डोळ्याला लावा. थांबा, अजून नाही. सूर्याची शेवटची कोर विझू द्या.

आता.

सूर्य गेला. त्याच्या जागी काळी तबकडी, भोवती प्रभामंडळाचा मोत्यासारखा उजेड, शेजारी भर दुपारी शुक्र. फिल्ममधून पाहिलंत तर तबकडीच्या दोन्ही बाजूंना रंगांच्या कमानी सुटलेल्या दिसतात. नेहमीचा इंद्रधनुष्यी पट्टा नाही. तुटक, वेगवेगळ्या, एकेका रंगाच्या. लाल कमान 656.3 नॅनोमीटर तरंगलांबीवर, निळसर हिरवी 486.1 वर, जांभळट 434.0 वर. ह्या तिन्ही हायड्रोजनच्या. पिवळी 587.6 वर, ती हेलियमची. आणि लाल-निळ्याच्या मधे एक हिरवं कडं, फिकट, पण अख्खं. कमानीसारखं तुटकं नाही. ते 530.3 वर आहे. ह्या घडीला पृथ्वीवर कुणालाच माहीत नाही ते कशाचं आहे. लोकांनी त्या अज्ञात द्रव्याला कोरोनियम असं नाव देऊन ठेवलं आहे. नाव देऊन ठेवलं की निम्मी बेचैनी कमी होते.

फिल्म म्हाताऱ्याकडे द्या. तो घाबरतो, मग घेतो.

"कडी दिसायलीत," तो म्हणतो. "लाल एक. पिवळं एक. अन् हिरवं हाय, लई फिकं."

1898 च्या त्या दुपारी परभणी जिल्ह्यात ते हिरवं कडं पाहणारी तुम्ही दोघंच असाल. आभाळ सगळीकडे सारखंच निरभ्र आहे, उजेड सगळीकडे सारखाच पडतो आहे. पण लोखंडी दुर्बिणी, काचेचे लोलक आणि फोटोच्या प्लेटा बैलगाडीने इथवर कोण आणणार? मनमाडहून हैदराबादला जाणारी रेल्वे अजून सुरू व्हायची आहे. म्हणून शास्त्रज्ञांच्या छावण्या पडल्या आहेत त्या जी.आय.पी. रेल्वेच्या स्टेशनांजवळ. सोलापूरकडे जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला आहेत, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख. त्याच गावात कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल. वऱ्हाडात तळणीला मौंडर पती-पत्नी आणि जॉन एव्हरशेड. विजयदुर्गाला तर रेल्वे नाहीच, तिथे आरमाराचं मेल्पोमिनी जहाज नॉर्मन लॉकियर ह्यांच्या मदतीला आहे.

विजयदुर्गाबद्दल एक सांगून टाकतो, कारण तिथे गेलात तर किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवून तुम्हाला सांगतील की लॉकियरने इथूनच हेलियम शोधला. लॉकियर इथे आले हे खरं, पण ह्या 1898 च्या ग्रहणाला. हेलियमच्या पिवळ्या रेघेची हकिगत तीस वर्षं आधीची, 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणाची. तेव्हा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि लॉकियर इंग्लंडात; त्यांनी ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवायच ती रेघ पाहिली. 1895 साली रॅम्झीने एका खनिजातून हेलियम वायू काढून दाखवला, तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसला. ओट्यांचं महत्त्व त्याने कमी होत नाही, फक्त तारीख बदलते.

दोन मिनिटं संपली. पश्चिमेच्या कडेला ठिणगी पेटली, कोंबडे आरवले. म्हाताऱ्याने फिल्म परत केली आहे. त्याला आता आंघोळीला जायचं आहे.

तुम्ही तळणीला चला.

अमरावतीकडच्या ह्या लहानशा स्टेशनाजवळ तंबू आहेत. रात्र झाली आहे, लाल कंदिलाच्या उजेडात प्लेटा धुतल्या जाताहेत. ॲनी मौंडरच्या छोट्या कॅमेऱ्याने सूर्यापासून लाखो मैल लांब गेलेला प्रभामंडळाचा एक किरण पकडला आहे, पण तुम्ही एव्हरशेडच्या प्लेटकडे बघा. त्याने लोलकातून अतिनील भागापर्यंतचा वर्णपट उतरवला आहे, जो तुमच्या डोळ्याला मानवतच्या रानात दिसूच शकला नसता. हायड्रोजनच्या रेघा तिथे एकामागून एक येतात: 434.0, 410.2, 397.0, पुढे आणखी जवळ, आणखी जवळ, अशा की शेवटी दोन रेघांमध्ये नख घालायला जागा नाही. 364.6 नॅनोमीटरपाशी रेघा संपतात आणि त्यापलीकडे फिकट, अखंड पट्टा सुरू होतो.

हा 364.6 आकडा बाझेलच्या एका शाळामास्तराने तेरा वर्षांपूर्वीच कागदावर काढला होता. योहान बाल्मर मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. त्यांना हायड्रोजनच्या फक्त चार रेघा ठाऊक होत्या आणि त्यांनी त्यात अपूर्णांक शोधला. 364.6 ला नऊ-पंचमांशाने गुणा, लाल रेघ येते. चार-तृतीयांशाने गुणा, 486.1 येते. तुम्हीही तंबूच्या कडेला बसून करून बघा, पाटी-पेन्सिल पुरेशी आहे. पाच वर्षांच्या आत लुंडच्या रिडबर्गने सूत्र उलटं करून लिहिलं. लाटेच्या लांबीऐवजी एका मीटरमध्ये किती लाटा मावतात ते मोजलं, आणि एकच आकडा पुढे आला, जो सोडियमला लागतो, पोटॅशियमला लागतो, सगळ्यांना लागतो: मीटरला 1,09,73,731.6. हा रिडबर्गचा स्थिरांक. चारला त्याने भागलं की एव्हरशेडच्या प्लेटवर रेघा जिथे संपतात ती जागा मिळते.

का मिळते, ते मात्र 1898 साली तंबूतल्या कुणाला सांगता येणार नाही. इलेक्ट्रॉन सापडून वर्षही झालेलं नाही. एव्हरशेड पुढे कोडाईकनालच्या वेधशाळेचे संचालक होतील, नायगमवालांची मोठी दुर्बीणही 1912 साली तिथेच जाईल. पण कारण दुसरीकडे सापडेल.

1913. मँचेस्टरहून कोपनहेगनला परतलेला नील्स बोर म्हणतो की इलेक्ट्रॉनला ठरावीक जागाच मिळतात. तुम्ही सेलूजवळची वालूरची बारव पाहिली असेल तर सोपं जाईल: माणूस एक तर ह्या पायरीवर उभा असतो नाही तर त्या, दोन पायऱ्यांच्या मधे हवेत नाही. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आला की मधल्या उंचीइतकी ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. वर जावं तशा अणूच्या पायऱ्या जवळजवळ येत जातात, आणि सगळ्यात वर काठ. 364.6 म्हणजे काठावरून दुसऱ्या पायरीवर उतरणं. त्यापलीकडचा अखंड पट्टा म्हणजे काठाबाहेरून आलेले, मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन. बोरने रिडबर्गचा आकडा इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, त्याचा विद्युतभार, प्लांकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग ह्यांच्यातून मांडून दाखवला. तोवर जो मोजायचा होता, तो आता गणिताने काढता येऊ लागला.

इथे थांबलात तर गोष्ट अर्धीच राहील, आणि माझ्या मते कमी रंगतदार अर्धी. कारण त्या लाल रेघेत एक भानगड 1887 पासून दबून होती. मायकेलसन आणि मोर्ले ह्यांना फार बारीक यंत्रातून ती एक नसून दोन दिसली होती, एकमेकींना चिकटलेल्या, नॅनोमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास अंतर असलेल्या. 1916 साली म्यूनिचला आर्नोल्ड सॉमरफेल्डने त्याचा पाठपुरावा केला. हायड्रोजनच्या सगळ्यात खालच्या पायरीवर इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाशी ताडून पाहिला तर जवळपास 137 वा हिस्सा येतो, सेकंदाला सुमारे 2,190 किलोमीटर. एवढ्या वेगात सापेक्षतावादाच्या दुरुस्त्या कराव्या लागतात, आणि त्या दुरुस्त्या ह्या हिश्शाच्या वर्गाइतक्या, म्हणजे सुमारे 18,800 त एक एवढ्या असतात. त्यामुळे पायरीला चीर पडते, एकीच्या दोन होतात. इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या फिरकीचा वाटा 1925 नंतर कळला. तो ह्यातच धरलेला आहे. सॉमरफेल्डने त्या हिश्शाला अल्फा म्हटलं. आज त्याची किंमत एक भागिले 137.036 अशी देतात. त्याला मीटर नाही, सेकंद नाही, कसलंच एकक नाही. निजामाच्या मापाने मोजा की इंग्रजांच्या, आकडा तोच. आणि तो रिडबर्गच्या स्थिरांकातही आहे, वर्ग होऊन बसलेला. म्हणजे पायऱ्यांची उंचीही अल्फा ठरवतो आणि पायरीतली चीरही.

आता तुमच्या हिरव्या कड्याकडे चला. 1939 मध्ये जर्मनीत ग्रोट्रियानने धागा दिला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत स्वीडनच्या बेंग्ट एडलेनने कोडं सोडवलं. कोरोनियम नावाचं काही नाही. ते लोखंड आहे. पण असं लोखंड, ज्याच्या 26 इलेक्ट्रॉनांपैकी 13 ओरबाडले गेलेत. असं व्हायला तापमान वीस लाख अंशांच्या घरात लागतं, आणि सूर्याचा पृष्ठभाग तर साडेपाच हजारांवर आहे. बाहेरचं प्रभामंडळ आतल्या सूर्यापेक्षा इतकं तापलेलं कसं, ह्यावर आजही वाद चालतो.

मला ह्यातली दुसरी बाब जास्त आवडते. हिरवं कडं एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारून तयार होत नाही. तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडात उरलेल्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनला केंद्रकाची ओढ फार जोराची बसते, तो फार वेगाने फिरतो, आणि पायरीतली चीर ओढीच्या चौथ्या घाताने रुंदावते. हायड्रोजनच्या दुसऱ्या पायरीत जी चीर यंत्रालाही मुश्किलीने दिसते, तिच्या पन्नास हजार पटींहून मोठी ती इथे होते. एवढी मोठी, की चिरेच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर येताना बाहेर पडणारा प्रकाश थेट हिरवा असतो, नुसत्या डोळ्याला दिसणारा. मानवतच्या रानात म्हाताऱ्याने "लई फिकं" म्हटलं तो प्रकाश अल्फाचीच ही चीर होता. सॉमरफेल्डच्या अठरा वर्षं आधी.

पुणे, 2004. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था आहे. नायगमवालांची वेधशाळा होती ते सायन्स कॉलेज इथून फार लांब नाही. रघुनाथन श्रीआनंद, हम चंद आणि त्यांचे फ्रेंच सहकारी चिलीतल्या 8.2 मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून आलेले वर्णपट घेऊन बसले आहेत. प्रश्न साधा आहे: हा 137 वा हिस्सा कायमच एवढा होता का? ऑस्ट्रेलियातल्या जॉन वेब ह्यांच्या गटाने 1999 पासून असं म्हणायला सुरुवात केली होती की फार पूर्वी अल्फा किंचित लहान होता.

तपासायचं कसं ते पडद्यावर बघा. फार दूरच्या क्वेसारचा प्रकाश वाटेतल्या वायूच्या ढगांमधून आला आहे. ढगातल्या मॅग्नेशियमने 279.6 आणि 280.3 वर, लोखंडाने त्याहून खाली, आपापले रंग गिळलेत. विश्वाच्या प्रसरणाने सगळ्या रेघा ताणल्या गेल्यात, पण सारख्याच प्रमाणात, त्यामुळे तो हिशेब वजा करता येतो. अल्फा बदलला असता तर मात्र लोखंडाच्या रेघा जास्त सरकल्या असत्या, मॅग्नेशियमच्या कमी. म्हणजे मॅग्नेशियम खुंटा धरायचा आणि लोखंड किती हललं ते मोजायचं. गटाने 23 ढग निवडले. त्यांतला प्रकाश साधारण चार ते अकरा अब्ज वर्षांपूर्वीचा, काही तर पृथ्वी तयार होण्याच्या कितीतरी आधीचा. निष्कर्ष: बदल दिसत नाही, निदान लाखात एका भागापर्यंत तरी नाही. पुढे वेब ह्यांच्या बाजूच्या लोकांनी पुण्याच्या गटाच्या त्रुटींच्या अंदाजावर बोट ठेवलं, वाद झाला, आकडे पुन्हा तपासले गेले. पुण्याच्या गटाने दुसऱ्या वाटेनेही पाहिलं: सिलिकॉनच्या रेघांच्या जोड्या घ्यायच्या आणि जोडीतलं अंतर आजच्या प्रयोगशाळेतल्या अंतराशी ताडायचं. तिथेही फरक सापडला नाही.

जोड्यांचं हे काम पाहायला पुण्याला जायची गरज नव्हती, असं कुणी परभणीकर म्हणेल. चला तर परत.

परभणीचं कृषी विद्यापीठ, तुमच्या स्वतःच्या काळातलं. मृदा विज्ञानाच्या प्रयोगशाळेत ओळीने चंचुपात्रं मांडली आहेत. वाळवून, चाळून घेतलेली काळी माती अमोनियम ॲसिटेटच्या द्रावणात हलवली, गाळली, की तिच्यातलं पिकाला मिळण्याजोगं पोटॅश पाण्यात उतरतं. ते पाणी फ्लेम फोटोमीटरच्या बारीक नळीने वर ओढलं जातं आणि गॅसच्या निळ्या ज्वाळेत फवाऱ्यासारखं उडतं. पोटॅशियमचा एकच बाहेरचा इलेक्ट्रॉन तापून वरच्या पायरीवर चढतो आणि लगेच उतरतो. वरची ती पायरी चिरलेली आहे, म्हणून रेघा दोन: 766.5 आणि 769.9 नॅनोमीटर. हायड्रोजनपेक्षा ही फट कितीतरी मोठी, हिरव्या कड्यापेक्षा कितीतरी लहान, कारण तेच. सोडियमच्या पिवळ्या जोडीत ती 0.6 आहे, पोटॅशियममध्ये 3.4. आतली ओढ वाढते तशी ती वाढते, आणि सगळ्यांच्या मुळाशी तोच हिस्सा.

यंत्राला ह्याचं काही नाही. त्याची गाळणी दोन्ही रेघा एकत्रच आत घेते आणि काट्यावर एक आकडा दाखवते. शेजारच्या दुसऱ्या यंत्रात जस्ताचा दिवा 213.9 नॅनोमीटरवर जळतो आहे. ज्वाळेतल्या जस्ताने त्याच्यातला किती प्रकाश गिळला, तेवढं जस्त मातीत. इथे रेघ सुटत नाही, गिळली जाते. क्वेसारच्या वाटेवरच्या ढगांत व्हायचं तसं.

दाराशी मानवत तालुक्यातला एक शेतकरी पिशवीभर माती घेऊन गेल्या खेपेचा अहवाल घ्यायला आला आहे. टेबलामागची मुलगी कागद त्याच्याकडे सरकवते.

"काका, पोटॅश भरपूर आहे तुमच्याकडं."

"मग टाकू का नको?"

"पोटॅश नको. झिंक कमी आहे, ते टाका."

"दुकानदार तर दोन्ही घ्या म्हनायला," तो म्हणतो, आणि कागदावरचे आकडे बोट ठेवून पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागतो.